मोजून शिवलेली वही

सोमवार, १ सप्टेंबर

ही वही केंद्रातून फुकट मिळाली. नुसत्या तारेच्या पिना मारलेल्या होत्या, आठवड्यात पानं गळाली असती. घरी आणून पिना उचकटल्या, तीन फर्मे, म्हणजे घडीच्या पानांचे गठ्ठे, पाडले, दोऱ्याने शिवली आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चढवला. आता ती माझ्यामागेही टिकेल.

केंद्रातल्या बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, मन हलकं होतं, कोणाला दाखवायची नाही. मी विचारलं, दाखवायची नाही तर लिहायची कोणासाठी? सगळा वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता.

वर्गाचं नाव 'ऐकणारे'. आमच्यासारखीच दुसरी तुकडी शनिवारी बसते म्हणे. गेल्या वर्षात आमच्या वस्तीतून तीन माणसं स्वतःहून गेली. तिसरे चित्रांचे मास्तर. जायच्या दोन दिवस आधी ते माझ्याकडे आले होते. सगळ्या चित्रांची चळत आणली, म्हणाले, "छान बांधून ठेवा." हसत होते. मी म्हटलं, "घाई आहे का?" म्हणाले, "मला नाही." तो ग्रंथ अजून माझ्या फळीवर आहे. न्यायला कोणी आलं नाही. मी चौथी शिकलेला बाइंडर, पण एवढं मला कळायला हवं होतं.

म्हणून बाई स्वतः घरी येऊन वर्गाला बोलावून गेल्या तेव्हा मी नाही म्हटलं नाही. सूनबाईनं त्यांना चहा दिला. साखर नको हे तिला न विचारता ठाऊक होतं. बायकांना कळतं.

आज खुणा शिकवल्या. माणूस आवडीच्या वस्तू वाटून टाकतो. कागदपत्रांची आवराआवर करतो. झोप उडते. माझी अडचण होते आहे, असं बोलतो. आणि सगळ्यांत वाईट खूण म्हणजे, फार दिवस कुढणारा माणूस एकाएकी शांत होतो. ही शेवटची मी दोनदा लिहून घेतली. मास्तर शांत होते.

बुधवार, ३ सप्टेंबर

प्रत्येकाला एक माणूस वाटून दिला. मला आले घड्याळजी.

दुसरं कोणी मिळालं नसतं का? चाळीस वर्षं त्यांचं दुकान माझ्या दुकानासमोर आहे आणि चाळीस वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. माझ्या पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास त्यांच्या घड्याळांत शिरतो म्हणायचे. वासानं घड्याळ मागे पडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण बाई म्हणाल्या, त्यांची एकुलती एक मुलगी दूर असते, महिनाभर त्यांनी दुकान उघडलेलं नाही. दर बुधवारी चार वाजता जायचं, सहज गेल्यासारखं. वर्गाचं नाव काढायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. ऐकायचं, आणि घरी येऊन केंद्राचा कागद भरून द्यायचा.

गेलो. शटर अर्धं वर होतं.

"काय खळवाले, वाट चुकलात?"

"सहज आलो."

"चाळीस वर्षांत कधी सहज आला नाहीत."

"तुम्ही कधी बोलावलं नाहीत."

"मग आज कोणी बोलावलं?"

त्यांनी खुर्ची पुढे केली. पुसलेली होती, बाकी सगळ्या दुकानावर बोटभर धूळ. मी येणार हे त्यांना कसं ठाऊक, याचा रस्ताभर विचार केला. भिंतीवर बावीस घड्याळं, सगळी बंद आणि सगळ्यांचे काटे वेगळ्या जागी. अंगावर काटा आला.

कागदात लिहिलं : झोप – विचारायचं राहिलं. जेवण – विचारायचं राहिलं. बोलणं – टोमणे.

रविवार, ७ सप्टेंबर

मुलगा आज सकाळी चहा घेऊन माझ्या खोलीत आला आणि बसला. परवाही बसला होता. दहा वर्षांत बसला नाही तो आता बसतो, म्हणजे कसली तरी सही हवी असेल. मी चष्मा मुद्दाम उशाखाली ठेवला आहे.

"बाबा, काय विचार करताय?"

"काही नाही."

"काही वाटलं तर सांगा."

"तुला काही हवं असेल तर तू सांग."

गेला बिचारा. कप इथेच विसरला.

बुधवार, १० सप्टेंबर

आज थेट प्रश्न विचारायचा होता. बाई म्हणतात, आडून विचारू नका. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट माणसाला वाटतं, चला, कोणीतरी ऐकायला तयार आहे. सकाळपासून आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा बरं जमलं, पण आरशातला चेहरा बघवेना, म्हणून थांबलो.

दुकानात गेलो. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळात वाकले होते. मी घसा खाकरला.

"घड्याळजी, तुमच्या मनात कधी जीव द्यायचा विचार येतो का?"

त्यांनी भिंग काढलं. "तुमच्या येतो का?"

"आधी मी विचारलं."

"मी आज विचारणारच होतो."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्ही मध्ये बोललात. सवयच आहे तुमची."

मग चहा त्यांनी केला. पाणचट होता.

बाईंनी सांगितलं होतंच की माणूस उलट प्रश्न करून टाळतो. तसं लिहिलं. एक गोष्ट मात्र खटकली. मी निघताना ते वहीत काहीतरी खरडत होते. गिऱ्हाइकांचा हिशोब म्हणावा, तर गिऱ्हाईक कुठे आहे?

शनिवार, २० सप्टेंबर

आज दाबयंत्र शाळेला देऊन टाकलं. दोघे जण येऊन उचलून घेऊन गेले. जमिनीवर त्याच्या चार पायांचे खड्डे राहिले आहेत. मुलगा म्हणाला, "बाबा, ते तुमच्या जिवापेक्षा प्यारं होतं ना?" मी म्हटलं, जागा अडते. तूच म्हणत होतास ना, धूळ होते, दुकान बंद करा? बंद केलं. आता यंत्र कशाला?

त्याने मला गेल्या नोव्हेंबरात दुकान बंद करायला लावलं. डॉक्टर म्हणाले, खोकला. ठीक आहे. पण हिला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. एकाच महिन्यात घरातलं माणूस गेलं आणि हातातलं काम गेलं. याला आमच्या वेळी दगा म्हणत.

दुपारभर घरचे कागद लावले. जन्माचे दाखले, घराचे कागद, हिची पत्रं. तीन ग्रंथ होतील. पाठीवर नावं घालून ठेवीन, म्हणजे मागाहून कोणाला शोधत बसायला नको. दाभण, सुया, चामड्याचा चाकू, घडी मारायची हाडाची पट्टी, सगळ्याला तेल लावून कागदात गुंडाळलं. कोणाला काय द्यायचं ते वर लिहिलं. काम नीट झालं की बरं वाटतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

घड्याळजींच्या भिंतीवर सहा घड्याळं चालू! मी दारातच थांबलो. "हे काय?"

"तुम्ही दर बुधवारी चारला येता म्हणता आणि सव्वाचारला येता. पुरावा असावा म्हणून चावी दिली."

माणूस सुधारतो आहे. हे माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. पण कागदात लिहिलं.

आज ते फार प्रश्न विचारत होते. झोप किती लागते, जेवण जातं का. मी त्यांचं ऐकायला जातो आणि माझंच बोलून येतो, हे माझं चुकतं. पण ते गप्प बसून ऐकतात, मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत, असं कोणी ऐकलं की तोंड आपोआप चालू होतं. मी म्हटलं, दोन नोव्हेंबरला हिला वर्ष होईल. तेवढं वर्ष पुरं करावं, मग मी मोकळा.

"मोकळा म्हणजे?"

"मोकळा म्हणजे मोकळा. हत्यारंसुद्धा गुंडाळून ठेवलीत."

त्यांनी पेन्सिल उचलली, मग खाली ठेवली. चहा आज गोड होता. फारच.

गुरुवार, २५ सप्टेंबर

माझी हत्यारं कपाटात नाहीत. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही नाहीत. सूनबाईच्या कपाटात आहेत, कुलपात. रोज सकाळी एक गोळी हातावर ठेवणार म्हणे, लहान मुलाच्या हातावर खाऊ ठेवावा तशी.

"बाबा, तुम्ही दोनदा घेता चुकून."

"मी? चुकून? पन्नास वर्षांत माझ्या ग्रंथाचं एक पान उलटसुलट लागलेलं दाखव!"

तिनं किल्ली साडीच्या टोकाला बांधली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी जोरात वाजली नाहीत, यावरून कळलं की ती रडत होती. रडायचं मी की तिनं?

हत्यारांचं मी एका घड्याळजींशिवाय कोणाशी बोललो नव्हतो. भिंतींना कान असतात म्हणतात ते खोटं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. आज छान वाटतं आहे. हलकं. पहाटे जाग आली, पण रोजचा तो छातीवरचा दगड नव्हता. एकदा ठरलं की माणूस सुटतो. काय ठरलं ते लिहीत नाही.

या वहीची कोरी पानं मोजली. रोजचा मजकूर धरला तर २ नोव्हेंबरपर्यंत जेवढी लागतील तेवढी ठेवली, बाकीचा फर्मा सोडवून काढला. दोरा दातानं तोडला, कात्री कुलपात आहे. उरलेली पानं फोनशेजारी ठेवून दिली, निरोप लिहायला होतील. कोरा कागद वाया जाऊ नये.

सूनबाई म्हणाली, "बाबा, आज खुशीत दिसताय."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिचीच तब्येत बरी दिसत नाही, मुलाला सांगायला हवं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

केंद्रात गेलो होतो. बाई दोन दिवस बाहेरगावी. कारकुनाला म्हटलं, काही बांधायचं असेल तर द्या, शेवटचं एक काम करून टाकतो. तो नवा आहे. म्हणाला, "बरं झालं आलात. वर्षाचे सगळे कागद सुटे पडलेत, धुळीनं खोकला येतो." दोन चळती दिल्या. दुसरीचा दोरा सुटलेला होता आणि वर लाल पेन्सिलीने काहीतरी होतं. मी विचारलं, हीपण? म्हणाला, "घ्या हो, कागद ते कागद."

आमच्या धंद्याचा नियम असा की बाइंडरनं पानांचे आकडे वाचावेत, मजकूर नाही. ज्याच्याकडे मी काम शिकलो तो म्हातारा म्हणायचा, आपण वाचायला लागलो तर जगात कोणाचं काही झाकलं राहणार नाही. मी वाचायला शिकलो तेच मुळी फर्मे लावताना, चोरून, सोळा पानं इथली, सोळा तिथली. त्यामुळे मला कुठल्याच गोष्टीचा शेवट माहीत नाही.

उद्या आकडे लावीन.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज घड्याळजींकडे गेलो नाही.

कागदांवर नावं नाहीत, आकडे आहेत. 'व्यक्ती क्रमांक अकरा.' मी आकडेच बघत होतो, शपथेवर सांगतो. पण अक्षराला कोण काय करणार? मुंगीएवढं, भिंगाखाली लिहिल्यासारखं अक्षर. अशा अक्षरात या वस्तीत एकच माणूस लिहितो.

"आज दाढी करून आला. डोळे लाल. झोप तीन तास म्हणतो, मला वाटतं दोन."

"थेट प्रश्न विचारणार होतो, पण त्यानंच मला विचारला. गोंधळलो. पुढच्या वेळी नक्की."

"हत्यारं गुंडाळून ठेवली म्हणतो. दोन नोव्हेंबर ही तारीख बोलला. मी घाबरलो आहे. आजच बाईंना आणि घरच्यांना कळवावं."

म्हणजे मी तिथे त्यांचं ऐकायला जात होतो, आणि ते माझं ऐकायला बसत होते. शनिवारच्या त्या दुसऱ्या तुकडीत घड्याळजी होते तर. माझे घड्याळजींवरचे कागदही त्याच चळतीत निघाले, क्रमांक बारा. अकरा आणि बारा एकाला एक लावलेले. आणि वर बाईंच्या हातची लाल पेन्सिल : "दोघांनाही सांगू नये."

सर्वांत खाली पहिला कागद. तारीख ऑगस्टची. अक्षर सूनबाईचं.

"सासरे सगळ्या वस्तूंवर नावं लिहितात. आम्ही काही बोललो की चिडतात. मला फार भीती वाटते. त्यांना कळलं तर ते मला कधी माफ करणार नाहीत. तरी मी सांगते आहे."

चित्रांच्या मास्तरांचं मला कळलं नाही म्हणून मी त्या वर्गात गेलो होतो. मला वाटलं, बाई माझ्या दारात आल्या कारण माझा काही उपयोग आहे. वर्गात सगळ्यांत जास्त मीच लिहून घेत होतो. आणि त्या खुणा माझ्याच होत्या. मुलगा चहा घेऊन बसत होता तोही सहीसाठी नाही, पाळतीसाठी. अख्खं घर, समोरचं दुकान, केंद्र, सगळे एका दोऱ्यात शिवलेले, आणि मी मधलं पान.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सूनबाईला बोलावलं. कागद समोर ठेवला. वाटलं होतं, नाही म्हणेल, सारवासारव करेल. तशी माझी तयारी होती.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"माझ्या पाठीमागे?"

"पुढून सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

"घरचं माणूस फितूर होतं ते असं!"

"हो, बाबा. झाले फितूर. परत होईन."

मग ती उभी राहिली. "चित्रांच्या मास्तरांच्या घरी सगळे फार प्रामाणिक होते. कोणी कोणाचं कोणाला सांगितलं नाही. त्यांचा ग्रंथ आहे ना तुमच्या फळीवर? न्यायला का नाही आले कोणी? त्यांच्या बायकोला तो बघवत नाही."

मी कागद उचलला आणि खोलीत गेलो. जेवलो नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

कोणाशी बोललो नाही. बाई येऊन गेल्या, मी खोलीचं दार उघडलं नाही. बाहेरून म्हणाल्या, "मी चुकले असेन. दार उघडू नका, पण नुसतं 'आहे' म्हणा." मी दारावर एकदा टकटक केलं. मुलगा दारातच सतरंजी टाकून बसला आहे, तुरुंगावरच्या पहारेकऱ्यासारखा. मध्येच घोरतो.

बुधवारी जाणार. घड्याळजींचे कागद त्यांच्याच तोंडावर फेकणार. विचारणार, चाळीस वर्षं वासाबद्दल भांडलात ते चाललं असतं, ही गोड चहाची नाटकं कशाला?

गुरुवार, २३ ऑक्टोबर

काल काय झालं ते क्रमानं लिहितो.

चार वाजता गेलो. कागद सदऱ्याच्या आत. मुलगा पन्नास पावलांवरून मागे येत होता, मला दिसू नये म्हणून खांबामागे थांबत होता. एवढा मोठा माणूस खांबामागे मावतो होय?

शटर पूर्ण वर. भिंतीवरची बावीसच्या बावीस घड्याळं चालू, सगळ्यांत चार वाजलेले. आत शिरलो आणि सगळी एकदम वाजली. तो गलका! घड्याळजी कानावर हात ठेवून उभे. नवा सदरा. टेबलावर दोन कप झाकून ठेवलेले. आणि डाव्या तळहातावर पेनानं मुंगीसारख्या अक्षरांत प्रश्न लिहिलेले, शाळेत कॉपी करतात तसे.

"मागल्या बुधवारी आला नाहीत," ते म्हणाले.

"काम होतं."

"तीनदा दारापर्यंत येऊन परत गेलो. बेल दाबायला हात झाला नाही. वाटलं..."

मी सदऱ्यात हात घातला. आणि त्याच क्षणी ध्यानात आलं की यांना माझ्याबद्दल माहीत आहे, स्वतःबद्दल नाही. सप्टेंबरात या दुकानावर धूळ होती, घड्याळं बंद होती. आता हा माणूस बुधवारसाठी नवा सदरा घालतो, कारण त्याला वाटतं की समोरच्या खळवाल्याला त्याची गरज आहे. कागद फेकला तर कळेल की तोही कोणाचा तरी बारा क्रमांक होता. मग पुढच्या बुधवारी शटर उघडेल का? मला जे झालं ते मी यांना करू? फसवणाऱ्यांनी मला असं बांधलं होतं की मला धड चिडताही येईना.

हात रिकामाच बाहेर काढला. बसलो.

त्यांनी तळहातात बघितलं. कपाळावर घाम. "खळवाले, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

मी नाही म्हणणार होतो. ठरलेलं उत्तर तेच होतं. पण त्यांचा हात बघितला. चाळीस वर्षं केसाएवढी चाकं बसवणारा हात, त्यावर घामानं शाई ओघळत होती. वाटलं, एवढी तयारी करून आलेल्या माणसाला खोटं कसं सांगायचं?

"येतो," मी म्हणालो. "ठरवलंय."

बावीस घड्याळं टिकटिकत होती. त्यांनी तळहाताकडे बघितलं, तिथे पुढचं पुसलं गेलं होतं. मग खुर्ची ओढून अगदी जवळ आले, गुडघ्याला गुडघा लागला.

"सांगा," म्हणाले.

मी सांगितलं. हिचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, पहाटेच्या दगडाचं सांगितलं. किती वेळ कोण जाणे. चहावर साय आली. शेवटी मी म्हटलं, "हे कोणाला सांगू नका. चाळीस वर्षांचा शेजार आहे."

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"ते वचन मी देणार नाही." आणि फोन उचलला. एका हाताने नंबर फिरवला, दुसऱ्याने माझं मनगट धरून ठेवलं. मी सोडवायला बघितलं, तर म्हणाले, "ओढू नका, माझंही वय झालंय, दोघेही पडू."

माझ्यासमोर बसून, माझं नाव घेऊन, त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. तारखेसकट. अर्ध्या तासात फितूर! मुलगा खांबामागून धावत आला. डॉक्टरांकडे नेलं. घड्याळजी रिक्षात माझ्याशेजारी बसले, सगळ्या रस्त्यात मनगट सोडलं नाही. वळ अजून आहे.

मध्येच मी विचारलं, "आणि तुमच्या मनात येतो का?"

"आधी तुमचं होऊ द्या. माझं पुढच्या बुधवारी."

बुधवार, २९ ऑक्टोबर

डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या आहेत. तोंड कोरडं पडतं. झोप पाच तास. मुलगा माझ्या खोलीत झोपतो. परवा अंधारात म्हणाला, "बाबा, दुकान बंद करायला लावलं ते चुकलं माझं." मी झोपेचं सोंग घेतलं. इतक्या लवकर त्याला मोकळं कशाला करू?

घड्याळजींनी आज त्यांचं सांगितलं. ते इथे लिहीत नाही. मी मध्ये बोललो नाही. संपल्यावर मीही वचन दिलं नाही आणि समोरच त्यांच्या मुलीला फोन लावला. घड्याळजींनी फार शिव्या दिल्या मला. बरं वाटलं.

फोन ठेवल्यावर सहज म्हणाले, "तुम्ही माझं ऐकायला येता, हे मला दुसऱ्याच बुधवारी कळलं होतं."

"कसं?"

"प्रश्नाआधी घसा खाकरलात. तस्साच बाई खाकरतात."

"आणि गप्प बसलात?"

"सांगितलं असतं तर आला असतात का?"

म्हणजे मी ज्यांना वाचवायला राग गिळला, ते आधीपासून सगळं जाणून बसले होते. दगा देण्यात या माणसाला तोड नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

हिला आज वर्ष झालं.

सकाळी मास्तरांचा ग्रंथ घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलगा बरोबर होता, आता खांबामागे लपत नाही. मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं. मी म्हटलं, घेऊ नका हवा तर, मी ठेवतो, पण तुमच्याकडे अधूनमधून येऊन बसलो तर चालेल का? तिनं ग्रंथ घेतला नाही. खुर्ची दिली.

दुपारी बाई आल्या. मी सगळं बोलून घेतलं, काही ठेवलं नाही. फसवलंत, म्हातारा म्हणून खेळवलंत, लाल पेन्सिल मोडा म्हटलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच वस्तीत राहत होतात आणि दोघंही कोणाला दार उघडत नव्हतात. मला दुसरं सुचलं नाही. पुढच्या रविवारी परत येते, राहिलेलं बोला."

मी कोणालाही माफ केलेलं नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको.

हे वहीचं शेवटचं पान. मोजून ठेवलं होतं, बरोबर आजच संपलं. धंद्यात कधी चुकलो नाही. पण बुधवारचं लिहायला जागा हवी. फोनशेजारचा काढलेला फर्मा आणला. त्यावर निरोप कोणी लिहिले नव्हते, सूनबाईनं तो पिशवीत घालून जपून ठेवला होता. आत्ता तिच्याकडे सुई मागितली. तिनं माझ्याकडे बघितलं, किल्ली काढली, सुई आणि दोरा दिला. गेली नाही. समोर मांडी घालून बसली, डोळे माझ्या हातावर.

बसू दे. संध्याकाळपर्यंत बसली तरी बसू दे. पण हात थरथरतो, एकट्यानं ताण येत नाही. म्हटलं, "नुसती बघू नकोस. दोरा धर."